मले बठ्ठं दिखस, मंग औषद कसाले? (सुरुवातीचा काचबिंदू आणि पुढची भीती)

बोरीकाठ | १९ जानेवारी, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. अमळनेर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे, वय ४७. वह्या तपासताना अक्षरं पुसट दिसायला लागली म्हणून जवळचा नंबर काढायला गेलो आणि भलतीच फाइल हातात घेऊन आलो.

दाब उजव्या डोळ्यात २४, डाव्यात २२. दृष्टीच्या नसेचा खड्डा, ज्याला ते ‘कप’ म्हणतात, उजवीकडे ०.७, डावीकडे ०.५. मग फील्ड टेस्ट (ठिपका चमकला की बटण दाबायचं, त्यावरून आजूबाजूचं कुठवर दिसतं ते कळतं) आणि ओसीटी (नसेची जाडी मोजणारं स्कॅन) झाली. उजव्या नसेचा खालचा काठ पातळ झालाय, आणि फील्डच्या कागदावर नाकाच्या बाजूला वर एक छोटा काळा डाग आलाय. एमडी, म्हणजे नजरेतली सरासरी घट, उणे २.८. निदान: काचबिंदू, सुरुवातीचा टप्पा. रोज रात्री एक थेंब, जन्मभर.

मला अडचण अशी की मला सगळं दिसतंय. शेवटच्या बाकावरचा पोरगा दप्तराआड चिंच खातो तेही दिसतं. उजवा, डावा डोळा आळीपाळीने झाकून पाहिला, तो काळा डाग मला कुठेच सापडत नाही. मग औषध कशासाठी? आणि जो प्रश्न बायकोसमोर डॉक्टरांना विचारायचा धीर झाला नाही तो इथे विचारतो: मी आंधळा होणार का?

जंक्शन | १९ जानेवारी, रात्री १०:४०

सर, आधी दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. माझ्या साडूलाही कप मोठा आहे म्हणून घाबरवलं होतं. ४ वर्षं झाली, एक थेंब टाकला नाही, नुसती तपासणी चालू आहे. काही झालं नाही. (भुसावळ)

सातपुडा | १९ जानेवारी, रात्री ११:०५

मोतीबिंदूसारखं ऑपरेशन करून मोकळं होता येत नाही का?

डॉ_पांझरा | २० जानेवारी, सकाळी ७:३०

धुळ्यात नेत्रतज्ज्ञ म्हणून काम करतो. तपासल्याशिवाय सल्ला देत नाही, पण एवढं समजून घ्या.

सातपुडा, मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग गढूळ होतं. ते काढून नवं बसवलं की नजर परत येते. काचबिंदूत डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस मरते. तिच्यात साधारण १० ते १२ लाख तंतू असतात, आणि मेलेला तंतू पुन्हा उगवत नाही. थेंब, लेसर, ऑपरेशन या सगळ्यांचं काम एकच, दाब कमी करून उरलेलं राखणं.

जंक्शन, तुमच्या साडूंची गोष्ट खरी असणार, पण ती वेगळी आहे. नुसता कप मोठा किंवा नुसता दाब जास्त असला तर आपण ‘संशयित’ म्हणतो. अमेरिकेत दाब जास्त पण नस चांगली अशा लोकांवर मोठा अभ्यास झाला, २००२ साली निष्कर्ष आले. ५ वर्षांत औषध न घेणाऱ्यांपैकी ९.५ टक्क्यांना काचबिंदू झाला, घेणाऱ्यांपैकी ४.४ टक्क्यांना. म्हणजे बहुतेकांना ५ वर्षांत काही झालं नाही, म्हणून काहींना नुसतं लक्षात ठेवणं योग्यच. सरांच्या बाबतीत ओसीटीत काठ पातळ आणि फील्डमध्ये नेमका त्याच्याशी जुळणारा डाग आहे. खालचा काठ गेला की वरचं दिसणं जातं. दोन्ही कागद एकच गोष्ट सांगत असतील तर तो संशय उरत नाही. तरी पहिली फील्ड टेस्ट पुष्कळदा चुकते. बटण कधी दाबायचं हे कळेपर्यंतच ती संपते. ती पुन्हा करून घ्याच.

बोरीकाठ | २० जानेवारी, दुपारी १:१५

डॉक्टरसाहेब, मनापासून आभार. पण डाग दिसत का नाही? काळं काही दिसायला नको का?

डॉ_पांझरा | २० जानेवारी, रात्री ९:००

काळं दिसतच नाही, इथेच सगळे फसतात. जिथे तंतू गेले तिथे मेंदू आजूबाजूच्या चित्राचं ठिगळ लावतो. भिंत असेल तर भिंत, आभाळ असेल तर आभाळ. शिवाय एका डोळ्याची खोट दुसरा भरून काढतो. फील्ड टेस्टमध्ये डाग उमटेपर्यंत त्या नसेचे चौथा ते तिसरा हिस्सा तंतू गेलेले असू शकतात. आपल्या देशातल्या पाहण्यांमध्ये काचबिंदू सापडलेल्या १० जणांपैकी ९ जणांना तो आहे हे ठाऊकच नव्हतं. सर, तुम्ही चष्म्याच्या नंबराच्या निमित्ताने सापडलात, हे चांगलं झालं.

रावेरकर | २० जानेवारी, रात्री ९:४८

सर, मी ६५ वर्षांचा, केळीवाला. तुमचा प्रश्न ९ वर्षांपूर्वी माझा होता, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मलाही सुरुवातीचाच सांगितला होता, एमडी उणे ३ च्या आसपास. थेंब सुरू केले, डोळे लाल व्हायचे, चुरचुर व्हायची. तेव्हा विचार केला की दिसतंय तर चांगलं, आपण औषधाने डोळा खराब करून घेतोय. बाटली संपली ती पुन्हा आणलीच नाही. असे ४ हंगाम गेले.

मग बागेत एक गोष्ट व्हायला लागली. कापणीच्या दिवसांत मी ओळीतून चालताना घड कपाळाला लागायचा. एकदा लागला, हसलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्यांदा केळफुलाचा चीक भुवईवरून गालापर्यंत आला, आणि घड वाहणारा पोरगा म्हणाला, “अण्णा, एवढा मोठा घड दिसला नाही?” खरंच दिसला नव्हता. ३० वर्षं ज्या ओळीतून डोळे झाकून चाललो असतो, तिथे. समोरचं पान दिसायचं, पायाखालची ठिबकची नळी दिसायची, डोक्यावरचा घड मात्र नव्हताच.

तपासलं तेव्हा उजवा उणे ११, डावा उणे ८. दोन्हीकडे वरचा भाग गेलेला. नंतर उजव्याचं ऑपरेशन झालं, डाव्याला दोन औषधं चालू आहेत. गेली ३ वर्षं आकडा हलला नाही. पण उणे ३ चा उणे ११ झाला तो झाला. त्या ४ हंगामांत केळीला भावही चांगला मिळाला होता, पैशाची अडचण नव्हती. नुसतं दिसतंय म्हणून थांबलो.

तुम्ही थांबू नका.

माहेरवाशीण | २० जानेवारी, रात्री १०:२०

अण्णा, वाचून अंगावर काटा आला.

माझ्या आईचं वेगळंच झालं. चाळीसगावला मामेभावाच्या हळदीच्या रात्री तिला कपाळात असह्य कळ आली, उलट्या सुरू झाल्या. दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात म्हणाली. आम्ही समजलो जागरणाने पित्त झालं. एका दवाखान्यात पित्ताचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डोळ्यांच्या डॉक्टरकडे पोहोचलो, तोवर त्या डोळ्याची बरीच नजर गेलेली होती. तोही काचबिंदूच म्हणे. हे कसं?

डॉ_पांझरा | २१ जानेवारी, सकाळी ७:१०

ताई, तो बंद कोनाचा काचबिंदू. डोळ्यातलं पाणी जिथून बाहेर जातं तो कोन अचानक बंद पडतो आणि दाब काही तासांत ५०-६० च्या घरात जातो. लाल डोळा, धूसर नजर, कपाळात कळ, उलट्या आणि दिव्याभोवती कडी अशी लक्षणं असली तर त्याच रात्री डोळ्यांचा डॉक्टर गाठायचा. दुसऱ्या डोळ्याला लेसरने बारीक छिद्र करून घेतलं ना? नसेल तर या आठवड्यात घ्या.

सरांचा बहुधा उघड्या कोनाचा असावा, तो गाजावाजा न करता येतो. सर, कोन पाहिला का हे विचारा. डोळ्यावर आरशाचं भिंग ठेवून पाहतात, गोनिओस्कोपी म्हणतात. २ मिनिटांचं काम, पण पुष्कळदा राहून जातं.

माहेरवाशीण | २१ जानेवारी, सकाळी ८:००

हो, दुसऱ्या डोळ्याचं लेसर लगेच केलं. तो डोळा उत्तम आहे. आई त्याच्यावर सुईत दोरा ओवते.

सातपुडा | २१ जानेवारी, दुपारी १२:३०

आमच्याकडे आजोबा डोळ्यात मध घालायचे, नव्वदीपर्यंत पेपर वाचला. आणि मी रोज शीर्षासन करतो, त्याने डोळ्याला रक्तपुरवठा वाढतो असं शिबिरात सांगितलं होतं.

डॉ_पांझरा | २१ जानेवारी, रात्री ९:१५

मधाने दाब उतरत नाही. आजोबांना काचबिंदू नव्हता, म्हणून त्यांनी पेपर वाचला. शीर्षासनाचं मात्र गंभीरपणे घ्या. चेन्नईत योग करणाऱ्यांवरच मोजमाप झालं, शीर्षासनात डोळ्याचा दाब जवळपास दुप्पट होतो. निरोगी माणसाचा तो उतरतो आणि गोष्ट संपते, पण ज्याची नस आधीच दुखावलीय त्याने डोकं खाली, पाय वर अशी आसनं सोडावीत. चालणं, प्राणायाम खुशाल करा. तुम्हीही एकदा दाब मोजून घ्या, चाळिशी झाली असेल तर.

सातपुडा | २१ जानेवारी, रात्री ९:३०

झाली. घेतो मोजून.

लालमिरची | २२ जानेवारी, सकाळी ११:००

नंदुरबारहून लिहितोय. इथे मिरचीच्या हंगामात ती वाळवायच्या पथारींवर काम करणाऱ्यांचे डोळे कायम लाल. माझा पुतण्या १७ व्या वर्षापासून तिथे हमालीला जायचा. आग होते म्हणून औषधाच्या दुकानातून थेंब आणायचा. टाकले की तासाभरात डोळा पांढरा स्वच्छ. त्याचं पाहून पथारीवरची आणखी पोरं तेच थेंब मागायला लागली. कोणी चिठ्ठी विचारली नाही. २ वर्षं.

१९ व्या वर्षी त्याला मोटारसायकल चालवताना बाजूची माणसं दिसेनाशी झाली. दाब ३८ निघाला. त्या थेंबांत स्टिरॉइड होतं. थेंब बंद केल्यावर दाब खाली आला, पण एका डोळ्याच्या कडा गेल्या त्या गेल्या. आता तो मालाची वजनं लिहून घ्यायचं काम करतो, गाडी चालवत नाही.

डोळा लाल झाला म्हणून कोणतेही थेंब दुकानातून मागू नका, हे हात जोडून सांगतो.

जंक्शन | २२ जानेवारी, दुपारी २:४५

हे माहीत नव्हतं. आमच्या कपाटात तसलीच एक जुनी बाटली होती, आत्ता नाव वाचून फेकली.

अजून एक. माझ्या मिसेसना टिमोलॉल दिलं होतं आणि तिचा दमा उसळला. डोळ्यातल्या थेंबाने छाती भरेल हे ध्यानीमनी नव्हतं. डॉक्टरांनी बदलून दिलं. दमा असेल, नाडी मंद असेल तर आधी सांगा.

बोरीकाठ | २३ जानेवारी, रात्री ११:२०

सगळं दोन-दोनदा वाचलं. रावेरकर अण्णा, तुमचा घड डोळ्यांसमोरून हलत नाही. आजपासून थेंब सुरू केला.

पण माझ्या शेवटच्या प्रश्नाला कोणी हात लावला नाही. उणे २.८ पासून आंधळेपणापर्यंत रस्ता किती लांब?

डॉ_पांझरा | २४ जानेवारी, सकाळी ६:५०

सर, टाळलं नव्हतं, नीट लिहायचं होतं.

तुमचा आजचा आकडा एकटा काही सांगत नाही. वेग सांगतो. उदाहरण घ्या. एकाचा उणे ३ दरवर्षी ०.३ ने घसरतो, २० वर्षांनी तो उणे ९ वर असेल. तो वाचतो, शिकवतो, नातवाला ओळखतो. दुसऱ्याचा दरवर्षी १.५ ने घसरतो. १५ वर्षांत तो उणे २५ च्या पुढे, म्हणजे त्या डोळ्याने जवळजवळ काही नाही. सुरुवात एकच, शेवट दोन. म्हणून पहिल्या २ वर्षांत फील्ड टेस्ट जास्त वेळा करायची, शक्य तर वर्षातून ३ वेळा. म्हणजे तुम्ही कुठल्या गाडीत बसलाय ते कळतं.

आता तो वेग आपल्या हातात किती? स्वीडनमध्ये सुरुवातीचा काचबिंदू असलेल्या २५५ जणांवर अभ्यास झाला. सरासरी ६ वर्षांत उपचार न घेतलेल्यांपैकी ६२ टक्के घसरले, घेतलेल्यांपैकी ४५ टक्के. दाब १ अंकाने उतरला की घसरण्याचा धोका सुमारे १० टक्क्यांनी कमी होतो, असं त्यातून निघालं. ४५ हा आकडा लहान नाही हे मला कळतं. म्हणूनच थेंब सुरू करून विसरायचं नसतं, मोजत राहायचं असतं आणि गरज पडली की औषध वाढवायचं असतं.

आंधळेपणाचं म्हणाल तर अमेरिकेतल्या एका जिल्ह्याची नोंद आहे. १९६५ ते १९८० मध्ये निदान झालेल्यांत २० वर्षांत एक डोळा जाण्याची शक्यता सुमारे २६ टक्के होती. १९८१ ते २००० मध्ये निदान झालेल्यांत ती साडेतेरावर आली. त्यात सगळ्या टप्प्यांचे रुग्ण आहेत. तुम्ही पहिल्या टप्प्यावर आहात. ‘काही होणार नाही’ असं लिहून देणारा डॉक्टर मी नाही. पण तुमच्या जागी मी असतो तर निवृत्तीनंतर शेतात फिरायचे बेत रद्द केले नसते.

बोरीकाठ | २४ जानेवारी, सकाळी ७:३०

ही शेवटची ओळ बायकोला वाचून दाखवली.

गिरणाई | २ फेब्रुवारी, दुपारी ४:००

थेंबांचा कंटाळा असलेल्यांसाठी, लेसरही आहे. एसएलटी. माझ्या दिरांचं पुण्यात झालं, १० मिनिटांत. २०१९ मध्ये आलेल्या इंग्लंडच्या अभ्यासात लेसर आधी केलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश लोक ३ वर्षं थेंबांशिवाय राहिले. त्याचा परिणाम काही वर्षांनी ओसरू शकतो, तपासणी सुटत नाही. कोन उघडा असेल तरच.

बोरीकाठ | १४ एप्रिल, रात्री ९:१०

धागा वर काढतो. दाब आता १७ आणि १६. गोनिओस्कोपी झाली, कोन उघडा आहे. फील्ड पुन्हा केली, डाग तिथेच आहे. थेंबाने पापण्यांचे केस लांब झालेत, मुलगी म्हणते बाबांना काजळाची गरज नाही.

प्रश्न उन्हाचा आहे. इथे पारा ४३ वर गेलाय, बाटली खिडकीच्या कोनाड्यात असते. औषध खराब होतं का?

जंक्शन | १४ एप्रिल, रात्री ९:२५

भुसावळला विचारताय उन्हाचं! लगेच फ्रिजमध्ये ठेवा. दाराच्या कप्प्यात, बर्फाच्या खणात नाही.

रावेरकर | १४ एप्रिल, रात्री ९:५५

फ्रिजचा आणखी एक फायदा. थेंब गार लागतो, म्हणून आत पडला की गालावर पडला ते कळतं. मी आधी ३-३ थेंब वाया घालवायचो. आता आरामखुर्चीत मान मागे, खालची पापणी बोटाने ओढून खोबणी करायची, एक थेंब. डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने २ मिनिटं दाबून धरायचा. नाहीतर औषध घशात उतरतं, कडू लागतं. दोन औषधं असतील तर मध्ये ५ मिनिटं. शेतात गेलो तर बाटली ओल्या रुमालात गुंडाळून पाण्याच्या थर्मासशेजारी.

डॉ_पांझरा | १५ एप्रिल, सकाळी ७:००

अण्णांनी माझं काम केलं. तुमच्या प्रकारची बाटली उघडल्यावर २५ अंशांच्या खाली ठेवायची आणि ४ आठवड्यांनी, औषध उरलं तरी, बदलायची. आपल्याकडे मे महिन्यात घरातसुद्धा २५ अंश नसतात. उन्हातून आल्यावर तांब्याभर पाणी एका दमात पिऊ नका, एकदम लिटरभर पोटात गेलं की दाब काही वेळ चढतो. पाणी तेवढंच प्या, पण घोटघोट.

आणि सर, तुमच्या भावंडांची तपासणी झाली का? हॉलंडमधल्या पाहणीत काचबिंदू असलेल्यांच्या सख्ख्या नात्यात आयुष्यभराचा धोका २२ टक्के निघाला, बाकीच्यांत २.३.

बोरीकाठ | १५ एप्रिल, रात्री १०:४०

नाही झाली. आणि आता एक लिहायलाच हवं, जानेवारीपासून लिहीन लिहीन म्हणतोय.

आमचे बापू. साठीनंतर ते चालताना भिंतीला हात लावायचे. दवाखान्यात चला म्हटलं की म्हणायचे, “मले बठ्ठं दिखस, मंग औषद कसाले?” समोरचा माणूस ओळखायचे, घड्याळ वाचायचे, म्हणून आम्हीही मानलं. पुढे शिबिरात मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी काढली तेव्हा सगळे भोवती उभे होतो, आणि बापू म्हणाले, “दिवा लावा ना.” दुपारचे १२ वाजले होते. ऑपरेशन बिघडलं असं आम्ही १५ वर्षं बोलत आलो. गेल्या आठवड्यात माळ्यावर त्यांचा जुना कागद सापडला. त्यावर दोन्ही डोळ्यांपुढे ‘कप ०.९’ लिहिलंय. नस आधीच गेली होती. आम्ही उगाच एका माणसाला १५ वर्षं दोष दिला.

आखाजीला दोन्ही बहिणी माहेरी येतात, धाकटा भाऊ सुरतेहून येतो. तेव्हा सगळ्यांना घेऊन जातो.

माहेरवाशीण | १५ एप्रिल, रात्री ११:००

न्याच, भाऊ. त्या दोन दिवसांत झोक्यावरून उतरवून न्या.

बोरीकाठ | आखाजीनंतरचा रविवार, रात्री ९:३०

नेलं. भाऊ आणि मोठी बहीण ठीक आहेत, वर्षातून एकदा या म्हणाले. धाकटीचा दाब १६ आणि १७, म्हणून ती उठून निघालीच होती. डॉक्टरांनी नस पाहिली म्हणून कळलं. डावीकडे काठावर रक्ताची बारीक रेघ आणि खालचा काठ पातळ. वय ४३. दाब चांगला असताना हे कसं, डॉक्टर?

डॉ_पांझरा | सोमवार, सकाळी ७:२०

बुबुळावरची पारदर्शक काच पातळ असेल तर यंत्र दाब कमी दाखवतं. तिची जाडी मोजून घ्या. आणि काहींची नस १६ लाही दुखावते. अशा लोकांत दाब ३० टक्क्यांनी उतरवल्यावर १२ टक्के डोळे घसरले, न उतरवलेल्यांत ३५ टक्के. काठावरचं रक्त ही नस अजून दुखावतेय याची खूण असते. ताईंना वेळेवर आणलंत.

बोरीकाठ | सोमवार, रात्री ९:०५

तिचेही थेंब सुरू झाले. सासरी कोणाला सांगायला तयार नाही. म्हणून रोज ९ ला मी फोन करतो, ती फोन खांद्यावर धरून टाकते, मी इकडे टाकतो, आणि कोपरा दाबून दोघं २ मिनिटं गप्प बसतो. काल म्हणाली, लहानपणानंतर आपण इतका वेळ एकत्र गप्प बसलो नव्हतो.

रावेरकर | सोमवार, रात्री ९:४०

पुढची फील्ड टेस्ट कधी?

बोरीकाठ | सोमवार, रात्री ९:४२

श्रावणात. कानबाईच्या रोटाला ती येणारच आहे. विसर्जन झालं की दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने दोघं सोबत.